केकवर सुरकुती का पडते? घरगुती मार्शमॅलो फॉन्डंटविषयी

श्रोतेहो,

फॉन्डंट म्हणजे पोळीसारखे लाटून केकवर घालायचे साखरेचे आवरण. घरी केलेल्या मार्शमॅलो फॉन्डंटचा विषय निघाला की पहिले प्रश्न बहुधा अवजारांविषयी येतात. स्मूदर, म्हणजे पोळी घोटून गुळगुळीत करायचे सपाट अवजार, कोणता घ्यावा, लाटणे किती लांब असावे, खाली सिलिकोनची चटई अंथरावी की ओट्यावरच लाटावे, असे ते प्रश्न असतात. अवजारांकडे मी येणार आहे, पण जरा उशिरा. कारण माझ्या मते केकचा तुकतुकीतपणा बहुतांशी पोळी केकवर पडण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. फॉन्डंटच्या गोळ्यात पाणी किती राहिले आहे आणि त्या पोळीखालचा थर किती सपाट आहे, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. या दोन्ही ठिकाणी जे चुकते ते स्मूदर कितीही फिरवला तरी भरून येत नाही. उलट स्मूदरच्या दाबाने ते अधिक ठळक दिसू लागते.

मार्शमॅलोमध्ये साखर, ग्लुकोजचे सिरप, जिलेटिन आणि भरपूर हवा असते. ते वितळवले की हवा बरीचशी निघून जाते आणि चिकट, ताणला जाणारा पाक उरतो. त्यातल्या जिलेटिनमुळे फॉन्डंटला लवचीकपणा येतो, आणि सिरपमुळे साखरेचे खडे पुन्हा धरत नाहीत. या पाकात आपण आयसिंग शुगर मिसळतो तेव्हा ती सगळी विरघळत नाही, कारण तेवढे पाणीच त्यात नसते. बरीचशी साखर बारीक कणांच्या रूपातच राहते. म्हणून आयसिंग शुगर चाळून घेणे हा केवळ टापटिपीचा भाग नाही. न फुटलेली एक लहानशी गुठळी लाटताना पोळीवर ओरखडा ओढत जाते, आणि तो ओरखडा केकच्या नेमक्या दर्शनी बाजूला येतो, हा अनुभव अनेकांना असेल. विकतच्या फॉन्डंटमध्ये डिंक आणि ग्लिसरीन घातलेले असल्यामुळे ते ओलावा धरून ठेवते. आपल्या घरगुती फॉन्डंटला तो आधार नसतो. ते उघड्यावर लवकर सुकते आणि हातांच्या उबेने लवकर सैलावते, कारण जिलेटिनचा गोठलेला पाक शरीराच्या तापमानाच्या आसपासच वितळू लागतो. चव मात्र त्याची बहुतेकांना अधिक आवडते, आणि एवढ्या खटाटोपाचे ते एक चांगले कारण आहे.

साधारण प्रमाण सांगायचे तर 450 ग्रॅम पांढरे, साधे मार्शमॅलो, 2 मोठे चमचे पाणी आणि 800 ते 900 ग्रॅम आयसिंग शुगर. मार्शमॅलो आणि पाणी मायक्रोवेव्हमध्ये 30-30 सेकंद गरम करून प्रत्येक वेळी ढवळावे. मायक्रोवेव्ह नसेल तर उकळत्या पाण्यावर भांडे धरूनही हे काम होते. मिश्रण एकजीव झाले की थांबावे; फेस येऊन ते फुगेपर्यंत तापवत बसले तर पाणी उडून जाते आणि गोळा सुरुवातीपासूनच कोरडा होतो. हा वितळलेला पाक हाताला चिकटला तर चांगलाच भाजतो, तेव्हा पहिले मिश्रण चमच्यानेच करावे. साखरेचा अंक मी जाणूनबुजून सैल ठेवला आहे. पाककृतीत लिहिलेली सगळी साखर संपवलीच पाहिजे या समजुतीमुळे जितके फॉन्डंट बिघडते तितके दुसऱ्या कशाने क्वचितच बिघडत असेल. हवेत दमटपणा असेल तर साखर जास्त लागते, हवा कोरडी असेल तर कमी. दोन तृतीयांश साखर एकदम घालावी आणि उरलेली, हातांना व ओट्याला शॉर्टनिंग (डालड्यासारखे घट्ट वनस्पती तूप) लावून मळता मळता, लागेल तशी मुठीमुठीने घालावी.

कुठे थांबायचे हे ठरवण्यासाठी लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांनी सावकाश ताणून पाहावा. तो चार-पाच सेंटिमीटर ताणला जाऊन मग हळूच तुटला तर साखर पुरेशी झाली. ताणण्याआधीच तुटला आणि तुटलेली कड खरबरीत दिसली तर साखर जास्त झाली आहे. त्याच्या तारा निघून तो खाली लोंबू लागला तर अजून साखर हवी आहे. कोरड्या गोळ्यात पाव-अर्धा लहान चमचा शॉर्टनिंग किंवा ग्लिसरीनचे काही थेंब मळून घालावेत. पाणी घालण्याचा मोह आवरावा, कारण पाणी एकाच जागी मुरते, तेवढाच भाग चिकट होतो आणि पुन्हा साखर घालावी लागते.

मळून झाल्यावर गोळ्याला शॉर्टनिंगचा पुसट हात लावून तो क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळावा, हवाबंद डब्यात घालावा आणि घरातल्या नेहमीच्या तापमानात रात्रभर ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवण्याचे कारण नाही. या विश्रांतीत ओलावा साखरेच्या कणांमध्ये सगळीकडे सारखा पसरतो आणि जिलेटिन स्थिरावते. ताजे मळलेले फॉन्डंट लाटले तर ते एका जागी मऊ आणि दुसऱ्या जागी दाणेदार लागते, रबरासारखे मागेही ओढले जाते. ज्यांना घाईच आहे त्यांनी केकचा आकार लहान घ्यावा, पण ही रात्र गाळू नये. दुसऱ्या दिवशी गोळा दगडासारखा लागला तर घाबरू नये. मायक्रोवेव्हमध्ये 5 ते 10 सेकंद ऊब देऊन मळला की तो पूर्ववत होतो. मात्र बाहेरून कोमट लागणारा गोळा आत बराच गरम असू शकतो, म्हणून मधोमध बोट खुपसण्यापूर्वी तो कापून पाहावा.

रंगाविषयी थोडक्यात सांगते. रंग जेलचाच वापरावा. पातळ रंगाने पाण्याचे गणित बिघडते. फिकट छटा मळताना देता येतात, पण गडद लाल किंवा काळा हवा असेल तर रंग पाकातच घालावा आणि साखर त्यानंतर. गडद रंगाला जेल इतके लागते की गोळा सैल पडतो. असा गोळा एक दिवस आधी करून ठेवला तर रंगही खुलतो आणि गरजेपेक्षा जास्त जेल ओतले जात नाही. गुलाबी आणि जांभळ्या छटा उजेडात फिकटतात, त्यामुळे केक झाकूनच ठेवावा.

आता पोळीखालच्या थराकडे वळू. आपण 3 ते 4 मिलिमीटर जाडीची पोळी केकवर घालतो आणि ती खालचे दोष झाकेल अशी आशा बाळगतो. ती काहीच झाकत नाही. केकच्या दोन थरांमधली खाच, निसटलेला कपचा, क्रीमवर उमटलेली सुरीची रेघ, हे सगळे पोळीतून वर उमटते. म्हणून केकचा माथा आधी सपाट कापावा, थरांमधल्या खाचा भरून घ्याव्यात आणि भरलेला केक काही तास, शक्य असल्यास रात्रभर, वर हलके वजन ठेवून बसू द्यावा. केकच्या मधोमध नंतर जो फुगवटा दिसतो त्याचा दोष फॉन्डंटला दिला जातो, पण बहुतेक वेळा केक स्वतःच्या भाराने खाली बसलेला असतो आणि आतले क्रीम व हवा बाजूंनी बाहेर दाबली गेलेली असते.

वरच्या लेपासाठी गनाश (गरम क्रीममध्ये चॉकलेट वितळवून केलेला लेप) आणि बटरक्रीम (लोणी व साखर फेटून केलेला लेप) हे दोन चांगले पर्याय आहेत. फेटलेल्या क्रीमवर किंवा ताज्या फळांच्या ओल्या कापांवर फॉन्डंट टिकत नाही, कारण त्यांतले पाणी साखरेला विरघळवते. मी स्वतः गनाश पसंत करते: गडद चॉकलेट असेल तर क्रीमच्या दुप्पट आणि पांढरे असेल तर तिप्पट चॉकलेट. ते घरातल्या तापमानालाही घट्ट राहते, त्यामुळे स्मूदरचा दाब सहन करते. बटरक्रीम लावलेला केक फ्रिजमध्ये थंड करून कडक करावा लागतो. मऊ बटरक्रीमवर पोळी घातली तर बोटाच्या प्रत्येक दाबाबरोबर खालचा लेपच सरकतो. लेप सपाट झाला की नाही हे पाहण्यासाठी खोलीतला दिवा पुरेसा नाही. केकच्या बाजूला, लेपाला जवळजवळ टेकेल अशी टॉर्च धरावी आणि केक सावकाश फिरवावा. समोरून निर्दोष भासणाऱ्या लेपावर मग लहान लहान सावल्या दिसू लागतात. जिथे सावली पडते तिथे खळगा असतो. तो तेवढाच भरून, गरम पाण्यात बुडवून पुसलेली सुरी वरून फिरवली की काम होते. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पुढची निम्मी कटकट ती वाचवते.

गनाश घट्ट झाल्यावर त्याला पोळी चिकटण्यासाठी पाण्याचा किंवा शॉर्टनिंगचा अगदी पुसट हात ब्रशने द्यावा. पाणी कुठे साचलेले दिसले तर ते टिपून घ्यावे, नाहीतर पोळी तिथून घसरते.

लाटण्यापूर्वी माप घ्यावे. केकचा व्यास, उंचीची दुप्पट आणि वर 5 सेंटिमीटर, एवढ्या व्यासाची पोळी हवी. 20 सेंटिमीटर व्यासाचा आणि 10 सेंटिमीटर उंचीचा केक असेल तर पोळी 45 सेंटिमीटरची होते. सुरक्षित म्हणून याहून बरीच मोठी पोळी लाटणे धोक्याचे आहे, कारण खाली लोंबणाऱ्या घेराच्या वजनाने पोळी नेमकी वरच्या काठावर ताणली जाते आणि तिथेच फाटते. ओट्यावर हवा कोरडी असेल तर शॉर्टनिंगचा हात द्यावा, दमट असेल तर आयसिंग शुगर भुरभुरावी. कॉर्नफ्लोअर सोयीचे खरे, पण ते पृष्ठभागातला ओलावा ओढून घेते आणि गडद रंगावर पांढरे डाग ठेवते, म्हणून ते जपून वापरावे. दर तीन-चार वेळा लाटणे फिरवल्यावर पोळी थोडी वळवावी, म्हणजे ती खाली चिकटत नाही. हवेचे बुडबुडे दिसले की बारीक टाचणी तिरकी घालून ते फोडावेत आणि वरून बोट फिरवावे. टाचणी वापरून झाल्यावर ती पुन्हा डबीत गेली आहे ना हे पाहावे. खाण्याच्या वस्तूजवळ ती विसरून चालत नाही.

येथून पुढे मात्र हात चपळ हवेत, कारण उघड्या पोळीवर काही मिनिटांतच सुकी साय धरते आणि तिला वाकवले की हत्तीच्या कातडीसारख्या बारीक चिरा पडतात. पोळी लाटण्यावर घेऊन केकच्या मध्यावर सोडावी. प्रथम माथ्यावर मधून बाहेरच्या दिशेने हात फिरवून हवा काढावी. नंतर लगेच वरचा काठ तळहाताने सगळीकडून दाबून पक्का करावा. बाजूंकडे त्याआधी वळूच नये. काठ पक्का झाला की खालच्या घेराचे वजन त्याच्यावर ओढ देत नाही. बाजूंना पोळीच्या चुण्या पडलेल्या असतात. चुणी दाबून सपाट होत नाही, तिची फक्त घडी होते. एका हाताने तिचे खालचे टोक धरून ते केकपासून दूर, किंचित बाहेर उलगडावे आणि दुसऱ्या हाताचा तळवा खालून वर नेत पोळी केकला टेकवावी. पोळी खाली ओढू नये. ती खाली आपोआप येते. असे थोडे थोडे करत, टर्नटेबल फिरवत, तळापर्यंत पोचावे. तळाशी एक-दीड सेंटिमीटर कड राखून जादाचा भाग कापावा, स्मूदर फिरवून घ्यावा आणि मगच अखेरची कड काढावी.

स्मूदर हे शेवटचे अवजार आहे. तो आधी माथ्यावर आणि मग बाजूंवर, हलक्या दाबाने फिरवावा. टोकदार काठ हवा असेल तर दोन स्मूदर घ्यावेत, एक माथ्यावर आडवा आणि एक बाजूला उभा, आणि दोन्ही एकमेकांकडे सरकवत काठ धरून न्यावा. काठावर चिरा दिसल्या तर बोटाच्या टोकाला किंचित शॉर्टनिंग लावून गोलाकार घासावे. घर्षणाच्या उबेने साखर आणि जिलेटिन सैलावतात आणि चीर मिटते. चीर खोल असेल तर त्याच फॉन्डंटचा तुकडा पाण्याच्या थेंबात कालवून तिच्यात भरावा आणि पुसून घ्यावा. रंगीत केकवर साखरेची पांढरट धूळ राहिली असेल तर ती मऊ कोरड्या ब्रशने झाडावी, आणि तरी राहिली तर दुरून क्षणभर वाफ द्यावी.

केक फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आली तर तो पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर आतला केक घरातल्या तापमानाला येईपर्यंत खोके उघडू नये, म्हणजे हवेतली वाफ केकऐवजी खोक्यावर थिजते. तरीही पृष्ठभागावर दव आलेच तर कापडाने टिपू नये आणि बोटाने चाचपू नये, कारण त्या अवस्थेत साखरेचा वरचा थर विरघळू लागलेला असतो आणि प्रत्येक स्पर्शाचा ठसा त्यावर राहतो. जरा लांबून पंख्याचा वारा लागू द्यावा. ओलावा उडून गेला की पृष्ठभाग पुन्हा कोरडा होतो, फक्त त्यावर आधी नव्हती अशी थोडी चमक राहते.