गोव्याच्या बाइक रॅलीला जाताय? आधी परतीचं ठरवा

(रायडर्सच्या मीटिंगमधलं बोलणं, थोडं आवरून)

नमस्कार मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. दिवाळी झाली की आपल्याकडे एकच विषय, पास काढला का, रूम मिळाली का, टी-शर्ट कुठला. मी आज त्यातलं काहीच बोलणार नाहीये, मी बोलणारे परत कसं यायचं यावर. जाताना काय, सगळेच शहाणे असतात.

आता हे बघा. 2024 ला मोटोव्हर्स, म्हणजे रॉयल एनफिल्डची रॅली, आपली जुनी रायडर मेनिया, 22 ते 24 नोव्हेंबर होती, शुक्रवार ते रविवार. इंडिया बाइक वीक 6 आणि 7 डिसेंबर, शुक्रवार-शनिवार. दोन्ही उत्तर गोव्यात, वागातोरला. (यंदाच्या तारखा आणि जागा बघून घ्या, बाइक वीक 2021 ला आंबी व्हॅलीला झालं होतं.) एक रविवारी संपते, दुसरं शनिवारी, दिसायला एका दिवसाचा फरक, पण सगळं गणित त्याच्यावर आहे. बाइक वीकहून रविवारी पहाटे निघालात तर संध्याकाळी पुण्यात. मोटोव्हर्सला रविवारी रात्री शेवटचं गाणं ऐकूनच हलायचं असेल तर सोमवारची सुट्टी आत्ताच टाका, नाहीतर काय होतं, बॉस आठवतो आणि माणूस रविवारी दुपारी मासे-भात चापून निघतो.

दुपारी दोनला वागातोर सोडलं समजा. म्हापसा, पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट, वर चहा, दोन फोटो, आजऱ्यात पोचेपर्यंत साडेपाच-सहा. नोव्हेंबरात सहाला अंधार. आणि पुढे काय आहे? गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, कागल, पुढे पार कराडपर्यंत उसाचा पट्टा आणि नेमका तेव्हाच गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागच्या ट्रॉलीला लाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने माखलेला. तो चालतोय पंधरा-वीसने, तुम्ही ऐंशीवर, समोरून कोणीतरी हाय बीम मारतो आणि दोन सेकंद तुम्हाला काही दिसत नाही, त्या दोन सेकंदात ट्रॉली तुमच्या पुढ्यात असते. शिवाय पडलेला ऊस चाकांखाली चेंगरून रस्ता चिकट झालेला, तिथे ब्रेक दाबून बघा काय होतं ते. ड्रायव्हरला शिव्या घालून उपयोग नाही, तो बिचारा रात्र रात्र कारखान्याच्या दारात नंबर लावून बसलेला असतो. आपणच त्या वेळेला तिथे नसायचं, एवढंच.

म्हणजे एकतर पहाटे सहाला स्टार्टर मारायचा, वागातोर ते पुणे साडेचारशेच्या आसपास आहे, आरामात जमतं. नाहीतर सरळ कोल्हापुरात मुक्काम, पण तोही उजेडात गाठायचा, तांबडा-पांढरा चापा आणि झोपा. कोकणातून एनएच 66 ने यायचं असेल तरी हेच, डायव्हर्जन रात्री दिसत नाहीत.

गाडीचं थोडक्यात सांगतो. स्पोकचं चाक असेल तर आत बहुतेक ट्यूब आहे, ट्यूबलेसचं पंक्चर किट घेऊन फिरू नका, दोन ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर घ्या. क्लच केबल एक जास्तीची. चेन लूब पाचशे किलोमीटरला, म्हणजे गोव्यात पोचलात की लगेच, पार्टीच्या आधी. आणि जाताना नवीन टायर, नवीन एक्झॉस्ट असले प्रयोग नकोत, महिनाभर आधी करा काय ते.

ग्रुपमध्ये ज्याची टाकी सगळ्यात छोटी त्याच्या हिशोबाने पंपावर थांबायचं, यावर वाद घालायचा नाही. स्वीपला, म्हणजे सगळ्यात मागे, सगळ्यात अनुभवी माणूस, सगळ्यात भारी बाइकवाला नव्हे. घाटात एका रांगेत. आणि हो, बाटल्या! परमिट नसताना सॅडल बॅगेत भरून आणू नका, बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर बॅगा उघडतात आणि मग एकासाठी दहा जण उन्हात उभे.

मागून विचारतायत, बाइक ट्रेनने पाठवली तर? पाठवा की, कमीपणा काही नाही त्यात. पार्सल ऑफिसला आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागतं, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढून ठेवा आणि पॅकिंग स्वतः उभं राहून करून घ्या. बाइक तुमच्याच ट्रेनने येईल असं धरून चालू नका, एक-दोन दिवस आधी बुक करा. मडगावला उतरवली तर वागातोर अजून पन्नासेक किलोमीटर आहे, तेव्हा स्टेशनपासून जवळचा पंप कुठला ते आधीच बघून ठेवा, नाहीतर भर दुपारी ढकलत न्यावी लागेल. पुढचा प्रश्न कोणाचा?