गाणं देऊन टाकणारं जोडपं

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ठाण्यात गीतकारांविषयी बोलायचं तर पी. सावळारामांना नमस्कार करूनच सुरुवात करावी लागते. जनकवी म्हणून ओळखला गेलेला हा माणूस या शहराचा नगराध्यक्ष होता. तरी त्यांचं गाणं रेडिओवर लागलं की आपण म्हणतो, ‘लताबाईंचं गाणं लागलंय.’ गीतकाराच्या वाट्याला हे येतंच. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या अमेरिकन नवरा-बायकोच्या वाट्याला ते जरा जास्तच आलं. कॉलेजच्या सहलीत, गिटारवर, ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ किती जणांनी म्हटलंय? बघा, केवढे हात वर आले! आणि गाणं कोणाचं? ते गाणाऱ्या अमेरिकन गायक जॉन डेन्व्हरचं! लिहायला घेतलं होतं ते मात्र या जोडप्याने.

बिल वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमधल्या ‘सेलर डोअर’ या छोट्या क्लबात लाइट आणि साउंड सांभाळायचा. डेन्व्हरशी ओळख तिथलीच. पुढे बिल आणि टॅफी ‘फॅट सिटी’ या नावाने लोकसंगीताच्या वळणाची गाणी गाऊ लागले. टॅफीच्या नातेवाइकांच्या मेळाव्याला मेरीलँडमधल्या आडरस्त्याने गाडीतून जाताना ‘कंट्री रोड्स’ची सुरुवात झाली. म्हणजे रस्ता मेरीलँडचा, गाण्यात नाव वेस्ट व्हर्जिनियाचं, आणि तिथे दोघांनी तोवर पाऊलही ठेवलेलं नव्हतं! बिल मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. त्याने आपल्या राज्याचं नावही घोळवून पाहिलं, पण चालीत गोड वाटलं ते दुसरंच. चिकित्सक मंडळी सांगतात की गाण्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनँडोआ नदी बहुतांशी शेजारच्या व्हर्जिनियात आहेत. असेनात का! घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस कोकणावर गाणं लिहितो, तेव्हा तो मोजणी खात्याचा नकाशा काढत नसतो.

हे गाणं त्यांना जॉनी कॅश या नावाजलेल्या कंट्री गायकाला द्यायचं होतं. 1970 च्या डिसेंबरअखेरीस ‘सेलर डोअर’मध्ये डेन्व्हरचे कार्यक्रम होते आणि त्याच्याआधी फॅट सिटी गात असे. एका रात्री कार्यक्रमानंतर सगळे बिल-टॅफीच्या घरी निघाले. वाटेत डेन्व्हरच्या गाडीला अपघात झाला, अंगठा मोडला. दुसरा कोणी घरी जाऊन झोपला असता. हा इस्पितळातून थेट यांच्याकडे आला. अर्धवट गाणं ऐकलं आणि हटूनच बसला: हे मला हवं. पहाटेपर्यंत तिघांनी मिळून ते पुरं केलं आणि 30 डिसेंबरला त्याच क्लबात गायलं. टाळ्या थांबेनात. 1971 मध्ये रेकॉर्ड आली आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली.

माझ्या मते या जोडप्याचा खरा गुण त्या रात्री दिसतो. स्वतःचा हुकमी एक्का त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात दिला, तोही संसाराची घडी नीट बसलेली नसताना. श्रेयात तीन नावं लागली. ती वाचतो कोण?

स्वतःच्या गळ्याने यश नंतर आलं. जॉन कॅरल आणि मार्गो चॅपमन यांच्यासह दोघांनी ‘स्टारलँड व्होकल बँड’ काढला. डेन्व्हरच्याच कंपनीने रेकॉर्ड काढली आणि 1976 च्या जुलैत ‘आफ्टरनून डिलाइट’ थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. शीर्षक मिळालं एका रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर. गाणं मात्र खाण्याबद्दल नाही. दुपारच्या वेळी नवरा-बायको घरात असतील तर... पहिल्या रांगेतल्या आजोबांना समजलं, पुढे जाऊ या! नवोदित कलाकारांचं ग्रॅमीही मिळालं. पण तेवढ्या उंचीवर पुन्हा जाता आलं नाही. 1981 मध्ये बँड मोडला, त्याच सुमारास संसारही.

2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ‘कंट्री रोड्स’ला आपल्या अधिकृत राज्यगीतांत जागा दिली.

आता मूळ रेकॉर्ड ऐकू. डेन्व्हरचा आवाज तुमच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे आज जरा दुर्लक्ष करा. धृपदात मागे जे आवाज मिसळतात, त्यात बिल आणि टॅफी आहेत. ते पकडा. हं, लावा.