४८ फायली आणि दोन ब्रेक

१९७१ साली आपल्या बडोद्यातून, एमएसयूच्या (महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या) सायन्स फॅकल्टीतून वेंकी रामकृष्णन फिजिक्सची बीएस्सी करून बाहेर पडले, पुढे नोबेल मिळालं, दांडिया बाजारातल्या पोराटोरांनाही ते माहितीये. पण त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत आल्फ्रेड नुडसन यांचा एक पेपर आला, त्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हा व्हिडिओ.

नुडसन मुलांचे डॉक्टर, वर जेनेटिक्समधली पीएचडी. रेटिनोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर, त्याच्या ४८ पेशंटच्या जुन्या फायली त्यांनी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन हॉस्पिटलात काढल्या आणि बघितलं काय, तर आजार कितव्या महिन्यात सापडला आणि एका डोळ्यात की दोन्ही. बस, बाकी सगळी आकडेमोड! दोन्ही डोळ्यांत असलेली मुलं खूपच लवकर आजारी पडत होती, एका डोळ्यातली उशिरा, आणि आलेख सांगत होता की पहिल्यांना एक धक्का, म्हणजे जीनमधला एक बिघाड, पुरतोय, दुसऱ्यांना दोन लागतायत.

सायकलला पुढचा-मागचा असे दोन ब्रेक असतात ना, एक तुटला तरी दुसऱ्यावर भागतं, तसं पेशीत कॅन्सर रोखणाऱ्या या जीनच्या दोन कॉप्या असतात. काही मुलं एक ब्रेक तुटलेलाच घेऊन जन्मतात. जीन हाती लागला थेट १९८६ मध्ये, आरबी१, तेराव्या क्रोमोसोमवर, पहिला ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होऊ न देणारा जीन. पंधरा वर्षं आधी नुसत्या फायलींवरून ओळखलेलं, मला तर अजूनही अंगावर काटा येतो.

या जीनवरून बनणारं आरबी नावाचं प्रोटीन पेशीला विभागण्याआधी थोपवून धरतं, आणि सीडीके४, सीडीके६ ही एन्झाइम्स ती पकड सोडवतात. पॅल्बोसिक्लिब हे औषध या एन्झाइम्सनाच अडवतं, २०१५ मध्ये अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या एका प्रकारासाठी ते मंजूर झालं. पण ट्यूमरमधून आरबीच गेलेलं असेल तर हे औषध चालत नाही, ब्रेकच नाही तर दाबणार काय?

नुडसन २०१६ मध्ये गेले, ९३ वर्षांचे होते.

बडोद्यातल्या आईबाबांना एक कळकळीने सांगतो, फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या डोळ्यातली बाहुली पांढरी दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि घरात आधी कोणाला हा आजार झाला असेल तर जन्मल्यापासूनच डोळे तपासून घ्या, आरबी१ ची टेस्ट आता रक्तातून होते.