कीव्हमधून येणारा फोन

सकाळचे नऊ वाजले की कीव्हच्या रस्त्यांवर वाहने थांबतात, पादचारी जागच्या जागी उभे राहतात आणि युद्धात मारल्या गेलेल्यांसाठी एक मिनिट मौन पाळले जाते. मार्च 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांच्या आदेशाने ही प्रथा सुरू झाली. मिनिट संपते, गर्दी पुन्हा वाहू लागते आणि त्या गर्दीतल्या एखाद्याच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकावरून फोन येतो. फोन असतो कीव्ह इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशिऑलॉजी या संस्थेचा. क्रमांक संगणकाने यादृच्छिक पद्धतीने निवडलेला असतो. पलीकडचा आवाज दोन विधाने वाचून दाखवतो. शांतता लवकर यावी आणि स्वातंत्र्य टिकावे म्हणून काही भूभागावर पाणी सोडता येईल, असे पहिले विधान सांगते. दुसऱ्या विधानानुसार युद्ध लांबले आणि स्वातंत्र्यच धोक्यात आले, तरी कोणत्याही परिस्थितीत भूभाग सोडता कामा नये. तुमचे मत यांपैकी कोणत्या विधानाशी जुळते, एवढाच प्रश्न असतो.

मे 2022 मध्ये 82 टक्के लोकांनी दुसरे विधान निवडले होते आणि पहिले निवडणारे जेमतेम 10 टक्के होते. डिसेंबर 2024 मध्ये हेच आकडे 51 आणि 38 झाले. ‘युक्रेन थकला’ असा अर्थ यातून काढणे सोपे आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही. मात्र हे लोक नेमके कशाला कंटाळले आहेत आणि कशाला अजिबात तयार नाहीत, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1 डिसेंबर 1991 रोजी झालेल्या सार्वमतात 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी युक्रेनच्या स्वातंत्र्याला कौल दिला. दोनेत्स्क आणि लुहान्स्क या पूर्वेकडच्या प्रांतांतही होकार 80 टक्क्यांच्या वर होता; क्रिमियात तो निम्म्याहून थोडाच अधिक होता. स्वतंत्र राष्ट्र हवे होते, पण रशियाशी वैर हवे होते असे नाही. नातेवाईक सीमेपलीकडे होते, बाजारपेठ तिकडे होती, दूरचित्रवाणीवरच्या मालिकाही तिकडच्याच होत्या. नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीचे सदस्यत्व मागणारे पाचात एकाच्या आसपास असत, आणि 2010 मध्ये संसदेने कोणत्याही लष्करी गटात न जाण्याचे धोरण कायद्यानेच स्वीकारले, तेव्हा त्यावर देश पेटून उठला नाही. फोन करणाऱ्या त्याच कीव्हच्या संस्थेच्या फेब्रुवारी 2014 च्या पाहणीत 78 टक्के लोक रशियाविषयी चांगले मत व्यक्त करत होते.

पुढच्याच महिन्यात रशियाने क्रिमिया गिळंकृत केला आणि एप्रिलपासून डोनबासमध्ये, म्हणजे दोनेत्स्क आणि लुहान्स्क प्रांतांत, युद्ध सुरू झाले. वर्ष संपण्याआधी, 23 डिसेंबर 2014 रोजी, संसदेने तटस्थतेचा तो कायदा 303 विरुद्ध 8 मतांनी मोडीत काढला. नाटोला असलेला पाठिंबाही झपाट्याने वाढला. इथे एक खुलासा प्रामाणिकपणे करायला हवा, कारण तो बहुतेक माहितीपटांत गाळला जातो. या वाढीचा काही भाग मने बदलल्यामुळे झाला, तर काही भाग नाटोला सर्वाधिक विरोध करणारे क्रिमिया आणि डोनबासचे रहिवासी पाहणीच्या कक्षेबाहेर गेल्यामुळे. ज्यांना नाटोपासून दूर राहणारा युक्रेन हवा होता, त्यांचा आवाज रशियानेच या मोजणीतून काढून घेतला.

तरीही 2014 च्या धक्क्याने सगळे दरवाजे बंद झाले नव्हते. फेब्रुवारी 2019 मध्ये युरोपीय महासंघ आणि नाटो यांच्या सदस्यत्वाचे उद्दिष्ट राज्यघटनेत लिहिले गेले, आणि दोनच महिन्यांनी वाटाघाटी करून युद्ध थांबवीन असे सांगणाऱ्या झेलेन्स्की यांना 73 टक्के मते मिळाली. ज्या माणसाला जग आज लष्करी हिरव्या शर्टात ओळखते, त्याला मतदारांनी निवडले होते ते तडजोडीच्या आशेने.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने संपूर्ण युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ती आशा कशी मावळली, हे पाहायचे असेल तर खारकीव्हला जावे. महाराष्ट्रातल्या अनेक घरांना हे नाव वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मुलांमुळे ठाऊक आहे. रशियाची सीमा इथून साधारण 40 किलोमीटरवर आहे आणि घराघरांत पिढ्यानपिढ्या रशियन भाषा बोलली गेली आहे. याच शहराने पहिल्या आठवड्यांत भुयारी रेल्वेच्या फलाटांवर अंथरुणे घालून रात्री काढल्या, आणि 2023 पासून त्याच स्थानकांमध्ये लहान मुलांचे वर्ग भरू लागले. आपल्या भाषेत बोलणाऱ्यांचे रक्षण करण्यासाठी आलो आहोत, असे सांगणाऱ्या सैन्याची क्षेपणास्त्रे त्याच भाषेत बोलणाऱ्यांच्या इमारतींवर कोसळली. मे 2022 पर्यंत रशियाविषयी चांगले मत असलेले देशभरात केवळ 2 टक्के उरले, आणि त्याच वर्षी नाटोला असलेला पाठिंबा 80 टक्क्यांच्या पुढे गेला. कोणत्याही प्रचारमोहिमेला एवढ्या थोड्या अवधीत असे यश मिळाल्याचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

आता पुन्हा त्या फोनकडे वळू. भूभाग सोडायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे फोड करून विचारले की उत्तरे वेगळी येतात. 2025 च्या उन्हाळ्यातील पाहणीत, रशियाने व्यापलेला प्रदेश अधिकृत मान्यता न देता तूर्त त्याच्या ताब्यात राहू देण्याच्या प्रश्नावर समाज जवळजवळ निम्मानिम्मा विभागलेला होता. तो प्रदेश कायदेशीरपणे रशियाचा मानण्यास मात्र 68 टक्क्यांचा विरोध होता, आणि युक्रेनच्या ताब्यात असलेली जमीन उठून देऊन टाकण्यास तर 78 टक्क्यांचा. जे आज परत मिळवता येत नाही त्याच्यासाठी थांबण्याची तयारी वाढली आहे. त्यावरचा हक्क लिहून देण्याची तयारी त्या प्रमाणात वाढलेली नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर करून देणे आणि अतिक्रमण हटेपर्यंत वाट पाहणे यांतला फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही.

कागदावरच्या आश्वासनांविषयीचा संशयही अनुभवातून आलेला आहे. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर होता. 5 डिसेंबर 1994 रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याची हमी दिली आणि युक्रेनने ती अण्वस्त्रे सोडून दिली. त्यामुळे ‘सुरक्षेची हमी’ हे शब्द कीव्हमध्ये कानावर पडले की पुढचा प्रश्न लगेच येतो: हमी कोण देणार, आणि वेळ आली तर सैन्य कोण पाठवणार?

युद्धाने मित्रांचीही मोजदाद करायला लावली. गॅलप संस्थेच्या पाहण्यांत 2022 मध्ये 66 टक्के युक्रेनियन अमेरिकेच्या नेतृत्वावर समाधानी होते. 2025 मध्ये 16 टक्के उरले. विजय मिळेपर्यंत लढावे असे म्हणणारेही त्याच काळात 73 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर आले. पण थकलेला समाज दडपणाखाली वाकतोच असे नाही. 28 फेब्रुवारी 2025 रोजी व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर झेलेन्स्की यांचा पाणउतारा झाला, आणि कीव्हच्या संस्थेच्या पाहणीत त्या महिन्याच्या सुरुवातीला 57 टक्के असलेला त्यांच्यावरील विश्वास मार्चमध्ये दहाएक टक्केबिंदूंनी वाढलेला दिसला. बाहेरच्याने आपल्या माणसाला सुनावले की घरातली भांडणे तेवढ्यापुरती बाजूला पडतात.

तेवढ्यापुरतीच. त्याच वर्षी 22 जुलै रोजी भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे स्वातंत्र्य आवळणाऱ्या कायद्यावर झेलेन्स्की यांनी सही केली, आणि त्याच संध्याकाळी कीव्हमधल्या इव्हान फ्रान्को नाट्यगृहासमोरच्या चौकात तरुण-तरुणी जमू लागल्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कापलेले तुकडे होते आणि त्यांवर मार्करने लिहिलेल्या घोषणा होत्या. 2022 च्या आक्रमणापासूनची सरकारविरोधातली ही पहिली मोठी निदर्शने होती, आणि 31 जुलैपर्यंत संसदेने त्या यंत्रणांचे अधिकार परत दिले.

या सगळ्या आकड्यांना एक मर्यादा आहे, आणि पाहणी करणाऱ्या संस्था ती दर वेळी स्वतःच नमूद करतात. युक्रेनमध्ये शेवटची जनगणना 2001 मध्ये झाली. त्यानंतर लाखो लोक देश सोडून गेले आणि पाचव्या हिश्श्याच्या आसपास भूमी रशियाच्या ताब्यात आहे. कीव्हमधून निघालेला फोन परदेशी आश्रय घेतलेल्या कुटुंबांपर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि रशियाच्या ताब्यातल्या मेलितोपोल किंवा मारियुपोलमध्ये तर तो मुळीच वाजत नाही. भूभाग सोडावा की नाही याविषयीच्या कोणत्याही टक्केवारीत, ज्या भूभागाविषयी तो प्रश्न आहे तिथे आज राहणारी माणसे मोजलेली नाहीत.