उसनी रायफल

मंडळी, २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) ब्राँझ जिंकलं आणि आपल्यासारख्या नेमबाजीच्या रेंजवर पालक चौकशीला येऊ लागले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "रायफल घ्यावी लागेल का?" स्पर्धेच्या एअर रायफलची किंमत लाखांत, नेमबाजीचे खास जॅकेट-ट्राउझर आणि बूट वेगळे. पोरगं सहा महिने टिकेल का, हे आईबापांनाही माहीत नसतं. म्हणजे सुरुवात उसन्यावरच. आता उसनं द्यायचं कुणी, आणि कुणाच्या भरवशावर?

सीनियर शूटर रायफल देत नाही, तेव्हा आपण त्याला कंजूष ठरवून मोकळे होतो. त्याला धास्ती असते सेटिंगची. चीकपीसची (गाल टेकायच्या भागाची) उंची, बटप्लेटचा (खांद्याला टेकणाऱ्या भागाचा) कोन, नेम धरायच्या मागच्या साइटचे क्लिक हे सगळं त्यानं महिनोन्महिने खपून जमवलेलं असतं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! नवा मुलगा अ‍ॅलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची चावी, घेऊन चीकपीस आपल्या गालाला बसवतो, बसवायलाच हवा. पण जाताना तो मूळ जागी आणला नाही, तर दुसऱ्या दिवशी मालकाचे शॉट एका बाजूला जायला लागतात. मालक भांडत नाही. पुढच्या वेळी "सर्व्हिसिंगला द्यायचीय" एवढंच म्हणतो, आणि ती सर्व्हिसिंग कधी संपत नाही.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी पट्टीवरचे आकडे लिहून घ्या, फोटो काढा, क्लिक मोजा. परत करताना मालकासमोर ताडून पाहा. रायफलचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर वापरलात तर भरून द्या, आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्यावरची मुदत उलटली असेल तर मालक कितीही मोठा नेमबाज असो, तो सिलिंडर भरायचा नाही.

आणि एक सांगतो. रायफल मागायच्या कितीतरी आधी मालक तुम्हाला बघत असतो. शॉट संपल्यावर सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण, घालता का, बोलता बोलता नळी कुणाकडे वळते का, समोर टार्गेटकडे माणूस गेला की हात रायफलवरून निघतो का. त्याचा निकाल तिथेच लागलेला असतो.

.२२ची काडतुसाची रायफल मात्र या उसनवारीत धरूच नका. तिथे परवान्याचा आणि कायद्याचा मामला आहे.

जॅकेटं सगळ्यात सोपी. वाढत्या मुलांना ती पाहता पाहता आखूड होतात आणि मग घरी माळ्यावर पडून राहतात. ढगळ जॅकेट स्पर्धेच्या तपासणीत अडकेल, पण शिकताना चालतं. तेव्हा माळे उपसा.

रेंजवरच्या कपाटाला आजपासून उसनवारीची वही बांधली आहे. वस्तू, मालक, घेणारा, तारीख, सेटिंग आणि दोघांच्या सह्या, एवढे रकाने. पहिली नोंद माझ्या जुन्या जॅकेटची आहे. एक बटण सैल आहे, तेही लिहिलंय.