नवीन कोडं समोर आलं की डोकं काय करतं

स्क्रीनवरचा हा चौकोन बघा. नऊ खिडक्या आहेत, आठांमध्ये आकृत्या आणि नववी रिकामी, खालच्या पर्यायांतून तिथे कोणती बसेल ते शोधायचं. भाषा लागत नाही, पाढे लागत नाहीत, आकृत्या कुठल्या नियमाने बदलत चालल्यात तेवढं आपलं आपण पकडायचं. जॉन रेव्हन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये अशी कोडी छापली, मूळ संचात ६० आहेत, आणि आजही फ्लुइड इंटेलिजन्स मोजायचा म्हटलं की बऱ्याच ठिकाणी हीच किंवा अशाच धाटणीची कोडी देतात.

फ्लुइड इंटेलिजन्स म्हणजे आधी कधीच न पाहिलेली गोष्ट समोर आली की ती उलगडायला डोक्यात जी ताकद लागते ती. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी १९४३ मध्ये बुद्धीचे दोन भाग मांडले, एक हा, आणि दुसरा क्रिस्टलाइज्ड, म्हणजे आयुष्यभर शिकून, अनुभवातून साठलेलं ज्ञान. पुढे त्यांचे विद्यार्थी जॉन हॉर्न यांनी हे काम बरंच वाढवलं.

आता नाशिकजवळच्या दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत या. पासष्टीचे काका पान उलटून बघतात, खाली पांढरट बुरशी दिसते, रात्री दव पडणार हे त्यांना आभाळावरूनच कळतं, आणि ते सांगतात डावणी नावाचा रोग आलाय, फवारणी आजच काढा. हे सगळं साठलेलं ज्ञान, चाळीस छाटण्यांमधून आलेलं. त्याच बागेत ड्रिपचं नवीन ऑटोमेशन बसवलंय, बटणं कुणालाच माहीत नाहीत, पुतण्या दोनचार दाबून बघतो, काय केलं की काय होतं ते जुळवतो आणि अर्ध्या तासात व्हॉल्व्ह चालू करतो, तिथे फ्लुइड जास्त कामाला येतो. पण म्हणून काका जुने आणि पुतण्या हुशार असं कुणी म्हणू नका, मला ते अजिबात पटत नाही. फेब्रुवारीत काढणीला आलेल्या घडांवर गारपीट होते आणि व्यापारी फोन उचलत नाही, तेव्हा माल कुठे वळवायचा, बेदाण्याला द्यायचा की लोकल मार्केटला, हे ठरवताना काकांच्या डोक्यात दोन्ही एकत्र चालू असतात.

वय वाढलं की फ्लुइड कमी होतो हे खरंय, पण किती आणि कधी यात गोंधळ आहे. एकाच दिवशी विशीतल्या आणि साठीतल्या लोकांची टेस्ट घेतली तर उतार फार लवकर सुरू झालेला दिसतो. पण त्या दोन पिढ्यांचं शिक्षण वेगळं, खाणंपिणं वेगळं, आणि विसाव्या शतकात प्रत्येक नवी पिढी या टेस्टमध्ये आधीच्यांपेक्षा जास्त मार्क घेत आली, जेम्स फ्लिन या संशोधकाने ते अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवलं. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये वेगळी वाट धरली, त्याच माणसांना दर सात वर्षांनी परत तपासत राहिले, आणि बहुतेक क्षमतांमधली ठळक घट साधारण साठीच्या आसपास दिसायला लागली. शब्दसंग्रह तर त्यानंतरही टिकतो.

फ्लुइडच्या ताकदीचं वर्किंग मेमरीशी फार जवळचं नातं आहे. वर्किंग मेमरी म्हणजे हातातलं काम होईपर्यंत गोष्टी डोक्यात धरून ठेवायची जागा, स्वयंपाकघरातला ओटा समजा, एका वेळी तीनचार भांडीच मावतात. कोड्यात दोन नियम एकदम धरून तिसरा शोधायचा असेल तर तेवढी जागा मोकळी लागते. मग वाटतं की ओटाच मोठा करूया, आणि इथूनच ब्रेन ट्रेनिंगचा धंदा सुरू झाला. २००८ मध्ये एक अभ्यास आला, की मेमरीचा एक ठरावीक व्यायाम रोज केला तर फ्लुइड इंटेलिजन्स वाढतो. खूप गाजला. नंतर इतरांनी काटेकोर तुलना करून बघितलं तर लोक त्या व्यायामात पटाईत झाले, बाकी कोड्यांमध्ये फरक पडला नाही. नाशिकच्या कॉलेज रोडला पोरांसाठी असल्या क्लासची फी भरण्याआधी आईबापांनी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आता ज्या अभ्यासासाठी हा व्हिडिओ केला तो. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लैनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचं काम छापलं. शेतकरी तेच, कोडी रेव्हनच्या धाटणीची, एकदा तोडणीच्या आधी जेव्हा हात रिकामा आणि उधारी वाढलेली, एकदा तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर. नंतरच्या वेळी मार्क चांगले आले. तोडणीच्या तारखा गावोगावी वेगळ्या होत्या, त्यामुळे हा नुसता ऋतूचा परिणाम म्हणता येत नाही. त्यांचं म्हणणं असं, की पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवून बसते.

यावर वाद आहे हेही सांगायला हवं. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी झाली तेव्हा असा फरक सापडला नाही. पण चार दिवसांवर आलेला पगार आणि वर्षभराचं पीक यात फार अंतर आहे, निफाडला, लासलगावला ज्याने कांद्याचा भाव पडताना बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं एक ठाम मत झालंय. शेतकऱ्यांना नवीन औषधं, निर्यातीचे नियम, विम्याचे फॉर्म समजावणारी शिबिरं काढणीच्या ऐन धावपळीत ठेवू नयेत. द्राक्षवाल्यांसाठी ती माल निघून पैसे आल्यावर, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीचं काम अंगावर यायच्या आधी ठेवावीत, आणि विम्याचा फॉर्म एका पानात बसवावा.