मुकुट देणारे हात : जर्मन सम्राटांची पदवी आणि वारसा

(दृश्य : आखेनचे कॅथेड्रल, वरच्या मजल्यावरील दगडी सिंहासन)

संगमरवराच्या चार साध्या फरश्या कांस्याच्या पट्ट्यांनी जखडून हे सिंहासन उभे केले आहे. त्यावर नक्षी नाही, रत्ने नाहीत. वर चढायला सहा पायऱ्या आहेत, इतकेच. इ.स. ९३६ मध्ये पहिल्या ऑटोपासून १५३१ मध्ये पहिल्या फर्डिनांडपर्यंत जर्मनीच्या बहुतेक राजांवर आखेनमध्येच राज्याभिषेक झाला. पण येथून उठणारा पुरुष राजा म्हणून उठे, सम्राट म्हणून नव्हे. पवित्र रोमन साम्राज्य म्हणवल्या जाणाऱ्या जर्मन राजांच्या साम्राज्याच्या सम्राटपदासाठी त्याला आल्प्स ओलांडून रोम गाठावे लागे आणि पोपच्या हातून दुसरा मुकुट धारण करावा लागे. ऑटोला तो मान २ फेब्रुवारी ९६२ रोजी मिळाला; पुढच्या कित्येकांना तो कधीच मिळाला नाही आणि ते अखेरपर्यंत 'रोमनांचा राजा' एवढ्याच पदवीवर राहिले. १५०८ मध्ये व्हेनिसने वाट अडवल्यामुळे मॅक्सिमिलियनने ट्रेंटो येथेच, पोपच्या संमतीने, 'निर्वाचित रोमन सम्राट' ही पदवी घेतली, आणि रोमच्या वारीची गरजच हळूहळू संपली.

(दृश्य : फ्रँकफर्ट, सेंट बार्थोलोम्यूचे कॅथेड्रल; सोन्याची मुद्रा लावलेले फर्मान, जवळून)

निर्वाचित हे विशेषण नुसते शोभेचे नव्हते. चित्रात दिसणारी ही सोन्याची मुद्रा सम्राट चौथ्या कार्लने १३५६ मध्ये काढलेल्या फर्मानाची आहे, आणि तिच्यामुळेच त्या फर्मानाला 'गोल्डन बुल' (बुल म्हणजे मुद्रा) हे नाव पडले. राजा निवडण्याचा अधिकार त्यात सात जणांना दिला आहे : माइन्त्स, ट्रिअर आणि कोलोन येथील तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलाटिन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्ग्रेव्ह. या मानकऱ्यांनी फ्रँकफर्टला जमावे, वेदीसमोर शपथ घ्यावी आणि निवड पुरी होईपर्यंत शहर सोडू नये, असा दंडक होता. माइन्त्सच्या आर्चबिशपने एकेकाला मत विचारायचे, सुरुवात ट्रिअरपासून करायची आणि स्वतःचे मत सर्वांच्या शेवटी द्यायचे. सातांपैकी चार मते एका बाजूला पडली की निवड एकमताने झाली असे धरले जाई, त्यामुळे मध्ययुगात वारंवार झालेला दोन राजांचा तंटा टाळता येई. आणि तीस दिवसांत निर्णय झाला नाही, तर पुढे या सातही बड्या धन्यांना केवळ भाकरी आणि पाण्यावर राहावे लागेल, असेही फर्मानात स्पष्ट लिहिले आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वी सत्ताधाऱ्यांना इतक्या काटेकोर नियमांनी बांधून घेणारा हा दस्तऐवज युरोपच्या इतिहासात त्याच्या योग्यतेइतका वाखाणला जात नाही.

(दृश्य : रोमर, म्हणजे फ्रँकफर्टचे जुने नगरभवन; सम्राटांच्या दालनातील तसबिरी)

१५६२ नंतर निवडीपाठोपाठ अभिषेकही बहुधा फ्रँकफर्टलाच होऊ लागला. या दालनात ५२ राजे आणि सम्राट ओळीने उभे आहेत. शेवटच्या काही शतकांतील चेहऱ्यांमध्ये कौटुंबिक साम्य दिसते, कारण १४३८ पासून निवड होत राहिली तरी गादी जवळजवळ सलग हॅब्सबुर्ग घराण्याकडेच राहिली. युक्ती साधी होती : बाप हयात असतानाच मुलाला 'रोमनांचा राजा' म्हणून निवडून घ्यायचे, म्हणजे सम्राटाच्या मृत्यूनंतर पोकळी राहत नसे. सहावा कार्ल १७४० मध्ये मुलाविना वारला तेव्हा मात्र ही साखळी तुटली आणि १७४२ ते १७४५ या काळात बव्हेरियाचा सातवा कार्ल सम्राट झाला. ६ ऑगस्ट १८०६ रोजी दुसऱ्या फ्रान्झने नेपोलियनच्या दबावाखाली मुकुट उतरवला आणि ते साम्राज्यच संपले.

(दृश्य : पाउल्सकिर्श, म्हणजे फ्रँकफर्टचे सेंट पॉलचे चर्च, बाहेरून आणि आतून)

रोमरपासून चालत काही मिनिटांवर ही लंबगोल वास्तू आहे. जर्मन सम्राटपदाच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा प्रसंग येथे घडला. १८४८ च्या क्रांतीनंतर, त्या वर्षीच्या १८ मे पासून जर्मन प्रदेशांचे निवडून आलेले प्रतिनिधी येथे बसत होते. त्यांनी मूलभूत हक्कांसह संपूर्ण राज्यघटना लिहिली, राष्ट्रप्रमुखासाठी 'जर्मनांचा सम्राट' ही पदवी ठरवली आणि २८ मार्च १८४९ रोजी उत्तर जर्मनीतील प्रबळ राज्य असलेल्या प्रशियाचा राजा चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मची त्या पदासाठी निवड केली. २९० मते त्याच्या बाजूने पडली, २४८ सदस्य तटस्थ राहिले. पुढे वारसाहक्क त्याच्या घराण्यात चालायचा होता, पण पहिला मुकुट लोकांच्या प्रतिनिधींकडून यायचा होता. सभेचे अध्यक्ष एडुआर्ड सिमसन शिष्टमंडळ घेऊन बर्लिनला गेले आणि ३ एप्रिलला राजासमोर उभे राहिले. जर्मन राजेरजवाड्यांच्या संमतीशिवाय आपण हा मान घेऊ शकत नाही, असे राजाने त्यांना सांगितले. क्रांतीतून उपजलेला मुकुट त्याला मुळातच नकोसा होता. त्या नकारापाठोपाठ ही सभा विखुरली आणि तिचे उरलेले सदस्य सैनिकांकरवी श्टुटगार्टमध्ये पांगवले गेले.

(दृश्य : व्हर्साय, आरसेमहाल, आंतोन फॉन वेर्नरचे चित्र)

याच सिमसन यांनी १८ डिसेंबर १८७० रोजी, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, व्हर्सायला जाऊन चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मचा भाऊ आणि आता प्रशियाचा राजा असलेल्या पहिल्या विल्हेल्मला मुकुट स्वीकारण्याची विनंती केली. पण या खेपेस राजेरजवाड्यांची संमती आधीच मिळाली होती. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने पाठवलेल्या प्रस्तावाच्या पत्राचा मसुदाही प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याचाच होता. १८ जानेवारी १८७१ रोजी या महालात झालेल्या घोषणेत गणवेशांची दाटी आहे, लोकप्रतिनिधी मात्र जवळजवळ नाहीत. चित्रात बिस्मार्क पांढऱ्या गणवेशात उठून दिसतो; प्रत्यक्षात त्या दिवशी त्याच्या अंगावर निळा गणवेश होता. विल्हेल्मला 'जर्मनीचा सम्राट' व्हायचे होते, पण बव्हेरिया आणि सॅक्सनीसारख्या राज्यांच्या भूमीवर तो हक्क सांगितल्यासारखे झाले असते, म्हणून बिस्मार्क 'जर्मन सम्राट' या पदवीवर अडून बसला. बाडेनच्या ग्रँड ड्यूकने 'सम्राट विल्हेल्म' अशी ललकारी देऊन वेळ निभावली.

नव्या साम्राज्याच्या घटनेतील ११ व्या कलमाने सम्राटाला स्वतंत्र पद दिलेच नाही. जर्मन राज्यांच्या संघाचे अध्यक्षपद प्रशियाच्या राजाकडे असेल आणि तो 'जर्मन सम्राट' हे नाव धारण करील, एवढेच त्यात आहे. त्यामुळे वारसाचा नियम प्रशियाच्या १८५० च्या घटनेतलाच लागू झाला : पुरुष वंशात, ज्येष्ठत्वाने. सात जणांची शपथ नाही, मतदान नाही. सम्राट म्हणून अभिषेकही कोणाचा झाला नाही. १८८८ मध्ये ९ मार्चला नव्वदीचा विल्हेल्म वारला. घशाच्या कर्करोगाने वाचा गेलेला त्याचा मुलगा फ्रीडरिश ९९ दिवस गादीवर होता, आणि १५ जूनपासून २९ वर्षांचा दुसरा विल्हेल्म सम्राट झाला. जुन्या साम्राज्याशी नाते जोडून स्वतःला 'चौथा फ्रीडरिश' म्हणवून घेण्याची फ्रीडरिशची इच्छा होती, पण त्यालाही प्रशियाच्या गणतीतला 'तिसरा' हाच क्रमांक घ्यावा लागला.

(दृश्य : नेदरलँड्स, डोर्नचा वाडा, दुसऱ्या विल्हेल्मचे विजनवासातील घर)

नोव्हेंबर १९१८ मध्ये सम्राटपद सोडून निदान प्रशियाचा राजा राहावे, असे दुसऱ्या विल्हेल्मच्या मनात होते; ११ व्या कलमाने दोन्ही पदे एकत्र बांधली असल्याने तशी सोय नव्हती. १० नोव्हेंबरला तो नेदरलँड्सला गेला आणि २८ नोव्हेंबर रोजी त्याने दोन्ही मुकुटांवरील हक्क लेखी सोडला. पुढच्या वर्षी वायमारच्या घटनेने राष्ट्रप्रमुख निवडण्याचा अधिकार थेट मतदारांना दिला.